शुक्रवार ते शुक्रवार: कस्तुरबा नगर प्रकरणातला हातचा गेलेला आठवडा

13 ऑगस्ट 2004, शुक्रवार. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात पेशीसाठी आणलेल्या एका आरोपीला जमावाने कोर्टरूममध्येच ठार मारलं. आरोपी भरत कालीचरण, अख्ख्या उत्तर नागपुरात अक्कू यादव म्हणून माहीत असलेला. जमावात बहुतांश कस्तुरबा नगरच्या बायका होत्या. तिखटाची पूड, दगड, भाजी चिरायच्या सुऱ्या चालल्या. अंगावर सत्तरच्या आसपास वार होते, असं त्या वेळच्या बातम्या सांगतात. बंदोबस्तातले पोलीस काही करू शकले नाहीत.

या घटनेबद्दल वीस वर्षांत पुष्कळ बोलून झालं. कोणी त्या बायकांना रणरागिणी म्हटलं, कोणी कायदा हातात घेतल्याबद्दल दोष दिला. पोलीस ठाण्यात, सरकारी वकिलांच्या कार्यालयात किंवा तुरुंगात उद्या सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला या दोन्हींचा उपयोग नाही. त्याला हवं असतं ते एवढंच, की अशी वेळ पुन्हा आली तर नेमकं कोणी, केव्हा, काय करायचं. हे प्रकरण मी त्याच नजरेने मांडतो आहे.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. हत्येच्या दिवशी पाच बायकांना अटक झाली, तेव्हा ‘आम्हा सगळ्यांनाच धरा’ म्हणत वस्ती रस्त्यावर आली. शंभराहून अधिक वकिलांनी या बायकांकडे आरोपी म्हणून नव्हे, पीडित म्हणून पाहा असं निवेदन काढलं. पुढे खटला चालला आणि 2014 मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. त्यामुळे मारलं कोणी हा प्रश्न या लेखात नाही. दुसरं, अक्कूवर खून, बलात्कार, खंडणी, घरात घुसून मारहाण असे आरोप होते, पण तेही कोर्टात शेवटाला जाण्याआधीच तो मेला. म्हणून त्याच्याबद्दलही मी आरोप हाच शब्द वापरेन.

कोणाला काय माहीत होतं

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याची दहशत होती. वस्ती बहुतांश दलित, हातावर पोट असलेल्या लोकांची. त्याला चौदा वेळा अटक झाली होती, असं तेव्हा छापून आलं. मधल्या काळात प्रतिबंधात्मक कायद्याखाली त्याला स्थानबद्ध केल्याच्याही बातम्या आहेत. म्हणजे तो यंत्रणेला अनोळखी नव्हता. उलट यंत्रणेच्या प्रत्येक खिडकीत त्याची काही ना काही नोंद असणार होती.

पण एका खिडकीतलं दुसऱ्या खिडकीत दिसत नाही, हा आपल्याकडचा जुना आजार आहे. पोलीस ठाण्यात प्रत्येक गुन्ह्याचा वेगळा क्रमांक, वेगळा तपास अधिकारी, आणि तो अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जाणार. कोर्टासमोर जामिनाचा अर्ज येतो तो त्या एका गुन्ह्यापुरता, आणि समोर जे कागद ठेवले जातात तेवढंच न्यायाधीश पाहू शकतात. कोणत्या साथीदाराने तुरुंगात किती मुलाकाती घेतल्या हे तुरुंगाला ठाऊक, पण ते कोणी विचारत नाही. मार खाल्लेली बाई मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत गेली तर एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद होते आणि ती तिथल्या रजिस्टरमध्येच राहते. घरं सोडून गेलेली कुटुंबं, वयात आलेल्या मुलींना घराबाहेर न पाठवणारे आईबाप, हे शेजाऱ्यांना दिसतं. त्याचा रकानाच कुठल्या फॉर्ममध्ये नसतो.

बायकांचा सर्वांत गंभीर आरोप असा होता, की तक्रार करायला गेलं की तक्रार घेतली जात नाही आणि गेल्याची खबर मात्र त्याच्यापर्यंत पोचते. हा आरोप खरा धरून चालल्याशिवाय या प्रकरणाचा अभ्यास करता येत नाही. कारण बयान देणं हेच जिथे धोक्याचं, तिथे ‘साक्षीदार पुढे येत नाहीत’ ही यंत्रणेची सबब उरत नाही. तो तिच्याच कारभाराचा परिणाम ठरतो.

6 ते 13 ऑगस्ट

6 ऑगस्टला वस्तीने त्याचं घर पाडलं. तो पोलिसांच्या ताब्यात गेला. वस्तीचं म्हणणं असं, की लोकांच्या हाती लागू नये म्हणून तो स्वतःच आत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात हजर केलं तेव्हा वस्तीतले शेकडो लोक आवारात जमले होते. त्याच्या एका साथीदाराने पोळीत गुंडाळलेला चाकू त्याच्याकडे सरकवण्याचा प्रयत्न केला आणि बायकांनी आरडाओरडा केल्यावर त्या साथीदाराला पकडण्यात आलं, असं वृत्त आहे. पुढच्या काही दिवसांत वस्तीत बातमी पसरली की याला जमानत मिळणार.

या आठवड्यात धोक्याचं स्वरूप पालटलं होतं, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. तोवर धोका एकाच दिशेने होता, आरोपीकडून बायकांना. घर पाडल्याच्या क्षणी तो दुतर्फा झाला. बायकांनी उघड विरोध केला होता, आता तो सुटला तर सूड ठरलेला. आणि वस्तीपासून त्याच्या जिवालाही धोका होता. पोलिसांनी त्याला ताब्यात ठेवलं त्याचं एक कारण तेच होतं. दोन्ही बाजू एकाच आवारात, एकाच व्हरांड्यात पुन्हा समोरासमोर येणार होत्या आणि तारीख सगळ्यांना माहीत होती. 7 ऑगस्टची चाकूची घटना ही तर रंगीत तालीमच होती. तरी 13 तारखेला तोच रस्ता, तोच दरवाजा आणि पुन्हा अपुरा बंदोबस्त.

त्या आठवड्यात हाती काहीच नव्हतं असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 268 होतं. सार्वजनिक शांततेला धोका असेल तर एखाद्या कैद्याला तुरुंगाबाहेर नेऊ नये असा आदेश राज्य सरकार काढू शकत होतं. साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर घेता येते असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच, तोही महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात दिला होता. बायकांचे जबाब ठाण्यात न घेता थेट दंडाधिकाऱ्यांपुढे कलम 164 खाली नोंदवता आले असते. खटल्याविना स्थानबद्ध करण्याची मुभा देणारा 1981 चा एमपीडीए कायदा होता, त्यात 1996 मध्ये ‘धोकादायक व्यक्ती’ हा प्रकारही घातलेला होता. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा 1999 चा मोक्का होता. 1951 च्या पोलीस कायद्यातलं तडीपारीचं कलम 56 होतं, आणि ते तर लिहिलंच आहे अशा स्थितीसाठी, जिथे जिवाच्या भीतीने कोणी उघडपणे साक्ष द्यायला तयार नाही.

पण यातलं प्रत्येक हत्यार वेगळ्या हातात आहे. 268 चा आदेश गृह विभागाचा. एमपीडीएचा प्रस्ताव ठाण्यातून निघतो, एसीपी आणि डीसीपींकडून आयुक्तांपर्यंत जातो. आदेश निघाल्यावर 12 दिवसांत शासनाची मंजुरी लागते, मग सल्लागार मंडळ. तडीपारीत नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. एका आठवड्यात हे सगळं जुळवायचं तर सहा-सात माणसांनी एका खोलीत बसून दोन तासांत कामं वाटून घ्यायला हवी होती. तशी बैठक बोलावणं हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

‘से’ नावाचा कागद

एका कागदाकडे जवळून पाहू. जामीनअर्ज आला की कोर्ट सरकार पक्षाचं म्हणणं मागवतं. आपल्याकडे त्याला ‘से’ म्हणतात. तपास अधिकारी तो लिहून पाठवतो, पैरवीचा हवालदार घेऊन येतो, सरकारी वकील बऱ्याचदा त्याच दिवशी पहिल्यांदा वाचतात. कुठलेही दहा ‘से’ काढून बघा, शेवटचा परिच्छेद जवळपास सारखा सापडेल: आरोपी जामिनावर सुटल्यास साक्षीदारांवर दबाव आणेल, पुराव्यात ढवळाढवळ करेल, फरार होईल, सबब अर्ज नामंजूर व्हावा.

या वाक्याने कोणाही न्यायाधीशाचं समाधान होणार नाही आणि होऊही नये. खिसेकापूच्या प्रकरणातही हेच लिहिलेलं असतं. कोणत्या साक्षीदारावर, मागच्या वेळी सुटल्यावर किती दिवसांत, काय दबाव आला? तेव्हा कोणता गुन्हा किंवा एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदली गेली? कोणतं कुटुंब वस्ती सोडून गेलं? तुरुंगात असताना साथीदारांमार्फत काय निरोप आले? हे चार तपशील असतील तर तो कागद वजनदार होतो. आणि हे तपशील मिळतात ठाण्याच्या डायरीतून, तुरुंगाच्या मुलाकात रजिस्टरमधून, रुग्णालयातून आणि वस्तीतल्या बायकांकडून. एकटा फौजदार एका रात्रीत ते गोळा करू शकत नाही. म्हणून माझ्या लेखी यंत्रणांचा समन्वय म्हणजे मोठमोठ्या परिषदा नव्हेत. त्या ‘से’च्या शेवटच्या परिच्छेदात काय लिहिलं जातं, त्यावरून तो मोजावा.

बाहेर काय करतात

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2000 च्या कायद्याने यासाठी एक रचना उभी राहिली आणि 2003 च्या फौजदारी न्याय कायद्याने ती पक्की झाली. तिचं संक्षिप्त नाव मॅपा. पोलीस, तुरुंग आणि प्रोबेशन सेवा (शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणारी) या तिघांवर मिळून जबाबदारी असते. आरोग्य, गृहनिर्माण, समाजकल्याण अशा यंत्रणांना सहकार्य करणं कायद्याने बंधनकारक आहे. नोंद झालेले लैंगिक गुन्हेगार, गंभीर हिंसेबद्दल शिक्षा झालेले आणि इतर धोकादायक गुन्हेगार अशा वर्गवाऱ्या आहेत. 2022 पासून दहशतवादाशी संबंधित गुन्हेगारांची वेगळी वर्गवारी झाली. व्यवस्थापनाचे तीन स्तर. बहुतेक जण पहिल्याच स्तरावर, एकाच यंत्रणेच्या देखरेखीखाली राहतात, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतः बसावं असे मोजकेच तिसऱ्या स्तरावर जातात. ही काटकसर मला महत्त्वाची वाटते. सगळ्यांवर सारखी नजर ठेवायला गेलं की कोणावरच धड राहत नाही.

पण मॅपा जशीच्या तशी उचलून आपलं भागणार नाही. ती मुख्यतः दोषी ठरलेल्यांसाठी आहे. आपल्याकडचा घोळ खटला संपण्याआधीच्या वर्षांत असतो. अक्कूचं प्रकरण अथपासून इतिपर्यंत कच्च्या कैद्याचं होतं. शिवाय तिथल्या प्रोबेशन सेवेसारखी मोठी फौज आपल्याकडे नाही. आपले परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी महिला व बालविकास विभागात, संख्येने थोडे आणि कामाने लादलेले.

मला जास्त जवळची वाटते ती 2003 मध्ये कार्डिफ शहरात सुरू झालेली दुसरी पद्धत, मराक. ती घरगुती हिंसाचारासाठी आहे. तिथे फाइल उघडते ती धोक्यात असलेल्या बाईच्या नावाने. गुन्हा सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही. बाई स्वतः बैठकीला नसते, पण तिची बाजू मांडणारी स्वतंत्र कार्यकर्ती असते आणि ती पोलिसांची नोकर नसते. कस्तुरबा नगरला हे हवं होतं. गुंडाची हिस्ट्रीशीट, म्हणजे त्याच्या गुन्ह्यांची आणि हालचालींची फाइल, तर ठाण्यात असतेच. ज्यांना तो त्रास देतो त्यांची फाइल कुठेच नव्हती.

आज नागपुरात हे कशावर उभं करता येईल

नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. 5 डिसेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महेंदर चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आणि संसद किंवा विधिमंडळ कायदा करेपर्यंत तीच कायदा म्हणून लागू राहील असं सांगितलं. योजनेत प्रत्येक जिल्ह्यासाठी स्थायी समिती आहे: अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश, सोबत जिल्ह्याचे पोलीसप्रमुख आणि अभियोग विभागाचे प्रमुख. साक्षीदाराने अर्ज केला की पोलिसांनी पाच कामकाजी दिवसांत धोक्याचा विश्लेषण अहवाल द्यायचा. धोका तीन श्रेणींत मोजायचा. संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, पुढे आढावा. 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 398 ने प्रत्येक राज्याला अशी योजना अधिसूचित करायला सांगितलं आहे.

म्हणजे टेबल आहे, तीन खुर्च्याही आहेत. तुरुंग, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, महिला व बालविकास आणि सरकारी रुग्णालय यांच्या खुर्च्या मांडायच्या बाकी आहेत. मात्र एक सांभाळावं लागेल. ज्या न्यायाधीशांपुढे आरोपीचा अर्ज येऊ शकतो त्यांनी त्याच आरोपीच्या धोक्याची चर्चा बंद दाराआड ऐकणं बरोबर नाही. म्हणून समितीच्या खाली अधिकाऱ्यांचा वेगळा कार्यगट असावा. त्यात एक डीसीपी, एक सरकारी अभियोक्ता, तुरुंगाचा एक अधिकारी आणि विधी सेवेची वकील एवढे नेहमीचे, बाकीचे गरजेप्रमाणे. महिन्याला एक बैठक, प्रकरणं मोजकी. आणि 6 ऑगस्टसारखी घटना घडली तर महिन्याची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी बसायचं.

पीडितेला कोर्टात बोलता येतं हेही आता स्पष्ट आहे. 2022 च्या जगजीत सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने जामिनासह प्रत्येक टप्प्यावर तिचं म्हणणं ऐकण्याचा हक्क मान्य केला. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15अ खाली पीडितेला जामिनाच्या सुनावणीची सूचना देणं बंधनकारक आहे. अल्पवयीन मुलींवरील बलात्काराच्या ठरावीक कलमांत फिर्यादीची हजेरी 2018 च्या दुरुस्तीने सक्तीची झाली. 2004 मध्ये हे सगळं असतं आणि कोणी वस्तीत जाऊन नीट सांगितलं असतं, की अजून जामीन झालेला नाही, तुमच्या वतीने उद्या ही वकील बोलेल, तुमच्यापैकी दोघींनी यायचं आहे, तर 13 तारखेचं चित्र वेगळं राहिलं असतं असं मला मनापासून वाटतं. अफवा माजते ती अधिकृत माणूस गप्प बसतो तेव्हा.

आता यातला धोका. असं टेबल गरिबांच्या वस्त्यांवर पाळत ठेवायचं साधन होऊ शकतं. विदर्भात पारधी समाजाला विचारा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला, पण पोलिसांच्या नजरेतून पुरता गेलेला नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की मागास आणि वंचित समाजांतल्या लोकांच्या हिस्ट्रीशीट केवळ जात-जमात पाहून यांत्रिकपणे उघडू नयेत. एमपीडीएचे आदेशही उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वारंवार रद्द होतात. गोपनीय जबाबांची खातरजमा केलेली नसते, जामिनाचा आदेश विचारातच घेतलेला नसतो, प्रस्ताव आणि आदेशात महिन्यांचं अंतर असतं, साध्या भांडणाला सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न ठरवलेलं असतं. हे आदेश रद्द होतात ते योग्यच होतं. खटला न चालवता माणसाला वर्षभर आत ठेवायचं असेल तर कागद चोख हवेतच.

म्हणून या टेबलाचा पहिला निर्णय ‘याला आत कसं ठेवायचं’ असा नसावा. पहिला निर्णय बायकांच्या सुरक्षेचा. कोणाला कोर्टात ने-आण लागेल, कोणाचा फोन नंबर बदलायचा, कोणाच्या दारावर कॅमेरा, कोणाला काही महिने दुसरीकडे ठेवायचं, कोणाचा जबाब आधी नोंदवायचा. त्यासाठी कोणाचंही स्वातंत्र्य हिरावून घ्यावं लागत नाही आणि कोर्टात काही रद्दही होत नाही. आरोपीबद्दलचे निर्णय त्यानंतर, आणि प्रत्येकाचं कारण इतिवृत्तात लिहिलेलं.

जामीन झालाच तर? होऊ शकतो, तो मागणं हा आरोपीचा हक्क आहे. कोर्टातून सुटकेचा आदेश निघतो, तो वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात पोचतो, नोंदी होतात, माणूस फाटकाबाहेर येतो. अलीकडे काही वेळा फाटकावरच गाड्यांचा ताफा, हार, मिरवणूक, मोबाइलवर रील. वस्तीला सुटकेची खबर त्या रीलमधून कळते. आरोपीच्या साथीदारांना आधी आणि फिर्यादी बाईला सर्वांत शेवटी कळणं, ही अवस्था एका आदेशाने बदलता येण्यासारखी आहे. कार्यगटाच्या यादीतल्या कैद्याचा सुटकेचा आदेश तुरुंगात पोचला की फाटक उघडण्याआधी तिथल्या अधिकाऱ्याने ठाण्याला आणि विधी सेवेच्या वकिलाला फोन करायचा. वकिलाने बाईला कळवायचं, जामिनाच्या अटी तिच्या भाषेत समजावायच्या: तो वस्तीत येऊ शकतो की नाही, आला तर कोणाला फोन करायचा, अट मोडली तर जामीन रद्द करायचा अर्ज कोण आणि किती दिवसांत करणार. त्या रात्री बीट मार्शलची फेरी त्या गल्लीतून. आणि या तिन्ही गोष्टी कितीला झाल्या ते वेळेसकट लिहून खाली संबंधिताची सही, कारण पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न त्याच कागदावर विचारला जाणार आहे.